डॉ. हेन्री व्हॅनडाइक कार्टर : ज्यांचे चित्र जगाने पाहिले, नाव विसरले

भोपाळ शहरात नोकरीधंद्यानिमित्त येऊन स्थायिक झालेली मराठी ख्रिस्ती कुटुंबे आहेत. त्यांपैकी एका घरातील मुलगी सध्या वैद्यकीय शिक्षणाच्या पहिल्या वर्षाला आहे. भोपाळात १९५५ साली गांधी मेडिकल कॉलेज सुरू झाले आणि २०१२ साली एम्सही आले. त्यामुळे डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलांची सोय आता गावातच झाली आहे. एका रविवारी शब्बाथ शाळा सुटल्यावर ही मुलगी शरीररचनाशास्त्राचे जाडजूड पुस्तक काखेत घेऊन आली आणि तिने आपली अडचण सांगितली.

विच्छेदनगृहात तिच्या गटाने मानेच्या दोन्ही बाजूंच्या मोठ्या शिरा मोकळ्या केल्या होत्या. पुस्तकातील चित्रात त्या नीटनेटक्या दिसतात. समोरच्या देहात मात्र उजवीकडची शीर बोटाएवढी जाड होती, तर डावीकडची पेन्सिलीहूनही बारीक. शिवाय कानामागून एक जादा फाटा खाली उतरला होता आणि तो चित्रात कुठेच नव्हता. आपल्याच हातून काहीतरी कापले गेले असावे असे वाटून ती घाबरली. तेव्हा शिक्षकांनी तिला समजावले की पुस्तक चुकलेले नाही आणि देहही चुकलेला नाही. नीलांच्या बाबतीत माणसामाणसांत फरक असायचाच. तिचे समाधान झाले, पण एक प्रश्न मनात राहिला. हे चित्र पहिल्यांदा काढणारा माणूस कोण? त्याला हे ठाऊक असेल का?

त्या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो तेव्हा कळले की तो माणूस आपल्याला परका नाही. त्याने आपल्या उमेदीची तीस वर्षे मुंबई आणि सातारा येथे, आपल्याच लोकांच्या सेवेत घालविली. त्याचे नाव डॉ. हेन्री व्हॅनडाइक कार्टर.

बालपण आणि शिक्षण

कार्टर यांचा जन्म २२ मे १८३१ रोजी इंग्लंडमधील यॉर्कशर प्रांतात हल या बंदरगावी झाला. वडील हेन्री बार्लो कार्टर हे जलरंगात चित्रे काढणारे चित्रकार होते. समुद्र, गलबते आणि वादळे हे त्यांचे आवडते विषय. पुढे हे कुटुंब स्कारबरो या समुद्रकाठच्या गावी राहू लागले. थोरल्या मुलाने चित्रकार व्हावे अशी बापाची इच्छा असावी, कारण मुलाच्या नावातच त्यांनी व्हॅनडाइक या थोर फ्लेमिश चित्रकाराचे नाव घातले. धाकटा भाऊ जोसेफ खरोखरच चित्रकार झाला. हेन्रीच्या हातातही कला होती, पण त्याचा ओढा वैद्यकीकडे होता.

१८४८ साली, सतराव्या वर्षी, तो लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या वैद्यकीय शाळेत दाखल झाला. खेड्यासारख्या शांत गावातून आलेला, अबोल, पैशाने बेताचा असा हा तरुण होता. पाच वर्षांनी परीक्षा उत्तीर्ण होऊन तो शस्त्रवैद्य झाला. नंतर रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्स या संस्थेत त्याने माणसांच्या व जनावरांच्या शरीररचनेचा अधिक अभ्यास केला आणि १८५६ साली लंडन विद्यापीठाची एम. डी. पदवी मिळविली.

या काळात तो रोजनिशी लिहीत असे. त्या वह्या आजही लंडनच्या वेलकम ग्रंथालयात जपून ठेवलेल्या आहेत. त्यांत दिवसभराच्या कामाच्या नोंदी आहेत, आणि त्याबरोबर एका ख्रिस्ती तरुणाने देवासमोर केलेली स्वतःची कठोर झडतीही आहे. आपली प्रार्थना कोरडी आहे, आपला विश्वास अपुरा आहे, आपण वेळ वाया घालवितो, अशी टोचणी त्याला सतत लागलेली असे. आपल्या मनाचा खरा पालट झाला आहे का, हा प्रश्न त्याला सोडीत नसे. दुसऱ्यांची शांती आणि खात्री पाहून तो आपल्यातील उणेपणा मोजत बसे. रोजनिशी वाचणाऱ्याला दिसतो तो मात्र पहाटेपासून रात्रीपर्यंत प्रामाणिकपणे राबणारा एक सज्जन तरुण.

ग्रे यांचे पुस्तक

सेंट जॉर्जमध्येच कार्टर यांची हेन्री ग्रे यांच्याशी ओळख झाली. ग्रे वयाने थोडे मोठे, हुशार, महत्त्वाकांक्षी आणि बोलण्याचालण्यात चतुर होते. प्लीहेवरील एका निबंधासाठी त्यांना १८५३ साली मानाचे पारितोषिक मिळाले. त्या निबंधासाठी कार्टर यांनी चित्रे काढून दिली होती, परंतु निबंध छापून आला तेव्हा त्यात कार्टर यांचा उल्लेख नव्हता.

१८५५ च्या अखेरीस ग्रे यांनी नवी योजना पुढे मांडली. विद्यार्थ्यांना परवडेल, समजेल आणि शस्त्रक्रियेच्या वेळी उपयोगी पडेल असे शरीररचनेचे एक पुस्तक तयार करायचे. मजकूर ग्रे यांचा, चित्रे कार्टर यांची आणि विच्छेदन दोघांनी मिळून करायचे. सुमारे दीड वर्ष दोघे विच्छेदनगृहात खपले. कार्टर यांनी चित्रे थेट लाकडी ठशांवर काढली. ठसा छापला की चित्र उलटे उमटते, म्हणून प्रत्येक चित्र आरशात दिसावे तसे उलटे काढावे लागे. उजव्या बाजूची शीर डावीकडे आणि डावीकडची उजवीकडे! मग कोरणारे कारागीर त्या रेषांप्रमाणे लाकूड कोरीत. प्रत्येक स्नायू, हाड आणि शीर यांची नावे बाजूला आकडे देऊन न लिहिता शक्य तेथे त्या त्या अवयवावरच लिहिलेली होती. आपल्या नकाशात नदीचे नाव नदीच्या काठानेच लिहितात, तसे. विद्यार्थ्यांचे यामुळे केवढे काम हलके झाले!

१८५८ साली हे पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. त्यात कार्टर यांची ३६३ चित्रे होती. या कामाबद्दल कार्टर यांना एकरकमी दीडशे पौंड मिळाले. ग्रे यांना मात्र दर हजार प्रतींमागे दीडशे पौंड मिळायचे ठरले होते. मुखपृष्ठाची कच्ची छपाई तपासताना ग्रे यांनी कार्टर यांचे नाव लहान अक्षरांत घ्यावे अशी दुरुस्ती केली. दोन्ही नावे सारख्या आकाराची दिसावीत हे त्यांना रुचले नाही. पुढे लोक त्या ग्रंथाला फक्त ग्रे यांच्या नावाने ओळखू लागले.

ग्रे यांनाही आपले यश फार दिवस पाहता आले नाही. आजारी पुतण्याची शुश्रूषा करताना त्यांना देवीची लागण झाली आणि १३ जून १८६१ रोजी, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी ते वारले. म्हणून त्यांच्याविषयी कठोर बोलणे आपल्याला शोभत नाही. पण जे घडले ते घडले. आणि यात आणखी एक गोष्ट आपण विसरू नये. ज्या देहांवरून ही चित्रे काढली गेली, ते देह लंडनच्या गरिबांचे होते. १८३२ च्या कायद्याप्रमाणे अनाथगृहांत आणि रुग्णालयांत वारलेल्या, ज्यांच्यासाठी कोणी पुढे आले नाही अशा माणसांचे देह विच्छेदनासाठी दिले जात. कार्टर यांचे नाव लहान अक्षरांत तरी छापले गेले. त्या माणसांचे नाव कोणत्याच पानावर नाही.

मस्तकातून परतणारे रक्त

या ठिकाणी आपल्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे थोडे वळू. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनाही यातून सांगण्यासारखे पुष्कळ आहे.

हृदयाकडून शरीराकडे रक्त नेणाऱ्या वाहिनीला रोहिणी म्हणतात आणि शरीराकडून हृदयाकडे परत आणणारीला नीला. बोलताना आपण दोहोंनाही शीर म्हणतो. रोहिणी ठोके देते, म्हणून नाडी हाताला लागते. नीला बहुधा गुपचूप वाहते.

मेंदूतून परतणारे रक्त कवटीच्या आत, मेंदूच्या जाड आवरणात असलेल्या पाटांतून वाहते. एक पाट डोक्याच्या मध्यरेषेने वरून मागे जातो. डोक्याच्या मागच्या बाजूला आतून जेथे उंचवटा आहे तेथे पाण्याच्या चौकाप्रमाणे पाट एकत्र येतात. तेथून एक पाट उजवीकडे आणि एक डावीकडे निघतो, कानामागे वळसा घेतो आणि कवटीच्या तळाला असलेल्या एका वेड्यावाकड्या भोकातून खाली मानेत उतरतो. तेथून पुढे त्याला मानेची आतली मोठी नीला म्हणतात. डॉक्टर लोक तिला जुग्युलर म्हणतात. डोळ्यांच्या मागे, कवटीच्या तळाच्या मध्यभागी, स्पंजासारख्या आणखी दोन जागा आहेत. चेहऱ्यावरच्या नीला डोळ्यावाटे तेथपर्यंत पोचतात. म्हणूनच नाकाजवळची किंवा वरच्या ओठावरची पुटकुळी दाबू नये असे डॉक्टर सांगतात. तेथील पू क्वचित प्रसंगी आत जाऊन जिवावर बेततो.

आता फरक कोठे पडतो? मध्यरेषेचा तो वरचा पाट बहुधा उजवीकडे अधिक वळतो. म्हणून पुष्कळ लोकांत उजवीकडचा पाट, उजवीकडचे भोक आणि मानेतील उजवी नीला ही डावीपेक्षा मोठी असतात. काही लोकांत याच्या उलट असते आणि काहींत दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या असतात. क्वचित एक बाजू अगदी सुतासारखी बारीक असते आणि सारा भार दुसरी उचलते. कानामागच्या हाडात एक लहान भोक असते. त्यातूनही काहींच्या कवटीतील रक्त बाहेरच्या नीलांत येते, काहींत ही वाट जवळजवळ नसते. गाताना किंवा ओझे उचलताना मानेवर फुगलेली दिसते ती बाहेरची नीला. ती एखाद्यात ठळक असते, एखाद्यात नाममात्र, तर एखाद्यात दुहेरी. आतली मोठी असली की बाहेरची लहान, असा त्यांचा जणू आपापसात समझोता असतो. माणूस आडवा झाला की मेंदूचे बरेचसे रक्त मानेतील मोठ्या नीलांतून उतरते. तो उभा राहिला की त्या नीला चेपतात आणि पाठीच्या कण्याभोवतीच्या बारीक नीलांचे जाळे ते काम अंगावर घेते.

रोहिणींतही फरक असतात, पण नीलांत ते कितीतरी अधिक. गर्भात असताना नीलांचे आधी दाट जाळे तयार होते. मग त्यातल्या काही वाटा रुंदावतात आणि काही बुजतात. कोणती वाट राहील आणि कोणती जाईल हे प्रत्येक बालकात थोडे वेगळे ठरते. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना हे ठाऊक असावेच लागते. एका बाजूची नीला बांधण्यापूर्वी दुसरी बाजू भार पेलण्याजोगी आहे की नाही हे पाहावे लागते. आज यंत्राने छायाचित्र घेऊन ते आधीच पाहता येते. कार्टर यांच्या काळी सुरी आणि डोळे एवढीच साधने होती.

कार्टर यांनी मस्तकाच्या आणि मानेच्या नीलांचे, तसेच कवटीच्या तळावरील पाटांचे चित्र त्या पुस्तकात काढले आहे. चित्र एकच काढता येते. देह मात्र अनेक पाहावे लागतात. ज्या हाताने महिनोन्‌महिने देहामागून देह उलगडले, त्याला हे फरक दिसले नसतील असे होणार नाही. विद्यार्थ्याला वाट सापडावी म्हणून त्यातले साधारण रूप त्यांनी कागदावर उतरविले. ते वाटाड्याचे काम होते. प्रत्येक देहाने त्या चित्रासारखेच असावे असा हुकूम त्यात नव्हता.

मुंबई आणि सातारा

पुस्तक बाजारात येण्यापूर्वीच कार्टर यांनी इंग्लंड सोडले होते. १८५८ च्या आरंभी, बंडाची धग अजून निवाली नव्हती तेव्हा, ते सरकारी वैद्यकीय नोकरीत मुंबई इलाख्यात आले. लवकरच ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना आणि शरीरक्रिया या विषयांचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. १८४५ साली सुरू झालेले हे कॉलेज मुंबईचे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांच्या नावाने ओळखले जाते. इंग्रजी उपासनेत आजही गायिली जाणारी काही गीते याच ग्रँट यांनी रचली, हे आपल्या वाचकांपैकी काहींना ठाऊक असेल. लंडनच्या विच्छेदनगृहात मिळविलेली विद्या कार्टर आता भायखळ्याला मुंबईच्या मुलांना देऊ लागले. शेजारच्या जमशेटजी जीजीभाई रुग्णालयातही ते काम पाहत.

घरच्या आघाडीवर मात्र त्यांच्या वाट्याला दुःख आले. मुंबईत त्यांनी केलेला पहिला विवाह सुखाचा झाला नाही. एक मुलगी झाली, पण संसार टिकला नाही. परमुलखात, ओळखीपाळखीचे कोणी नसताना, एका लाजाळू आणि नीतिनिष्ठ माणसाला हा घाव किती खोल गेला असेल याची कल्पना करता येते. कित्येक माणसे अशा वेळी कडवट होतात, नाहीतर कामातून मन काढून घेतात. कार्टर यांनी सूक्ष्मदर्शक उचलला आणि ते कामाला लागले.

आपल्याकडे शेतकरी अनवाणी चालतो. काटा रुततो, जखम भरते, आणि काही महिन्यांनी पाय सुजू लागतो. गाठी येतात, त्यांना भोके पडतात आणि त्यांतून काळे किंवा पांढरे कण वाहू लागतात. शेवटी पाय कापावा लागतो. मदुराईकडे हा रोग फार, म्हणून इंग्रज डॉक्टर त्याला मदुरेचा पाय म्हणत. तो कशाने होतो हे कोणाला कळत नव्हते. कार्टर यांनी ते कण सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पाहिले आणि ही बुरशी आहे हे १८६० च्या सुमारास दाखवून दिले. मायसेटोमा हे नावही त्यांनीच दिले आणि जगभर ते आजही चालते. १८६३ पासून १८७२ पर्यंत ते साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते. १८७४ साली या रोगावर त्यांनी ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यातील चित्रेही स्वतःच काढली. लंडनच्या बेवारशी देहांवर तयार झालेला हात आता अनवाणी शेतकऱ्याचा पाय रेखाटीत होता.

कुष्ठरोग्यांच्या वाटेवर

परंतु त्यांच्या मनाने सर्वांत अधिक घेतले ते कुष्ठरोग्यांचे दुःख. त्या काळी महारोगी म्हणून माणसाला घरातून आणि गावातून काढून दिले जाई. मुंबईत डॉ. भाऊ दाजी यांच्यासारखे विद्वान वैद्य त्यावर औषध शोधण्याची खटपट करीत होते. रोग आईबापांकडून येतो की संसर्गाने, याविषयी डॉक्टरांत वाद होता. कार्टर यांचाही कल प्रथम आनुवंशिकतेकडे होता.

१८७२ साली ते लांब रजेवर गेले. या रजेत विश्रांती घेण्याऐवजी ते स्वखुशीने नॉर्वे देशात बर्गेन या गावी गेले. तेथे कुष्ठरोग पुष्कळ होता आणि त्यासाठी चांगली रुग्णालये उभारलेली होती. याच गावी डॉ. हॅन्सन यांना १८७३ साली कुष्ठरोगाचे जंतू दिसले. कार्टर यांनी ते काम प्रत्यक्ष पाहिले आणि आपले पूर्वीचे मत सोडून दिले. एका विद्वानाने चारचौघांत आपले मत बदलणे ही सोपी गोष्ट नव्हे. १८७४ साली त्यांनी नॉर्वेतील व्यवस्थेवर अहवाल लिहून भारतातही कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थाने उभारावीत अशी आग्रहाची मागणी केली. त्याच वर्षी आयर्लंडात वेलस्ली बेली यांनी कुष्ठरोग्यांसाठी मिशनची स्थापना केली. आपल्या मंडळ्यांना ती लेप्रसी मिशन म्हणून परिचित आहे. परत आल्यावर कार्टर यांनी काठेवाडात फिरून कुष्ठरोग्यांची पाहणी केली आणि १८७६ साली त्यावर अहवाल दिला.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. कुष्ठरोग्यांना वेगळे ठेवावे असे कार्टर यांचे मत होते. औषध नसलेल्या त्या काळात संसर्ग थांबविण्याचा दुसरा उपाय त्यांना दिसत नव्हता. पुढे १८९८ साली सरकारने कायदा केला. वेगळे ठेवण्याच्या त्या धोरणामुळे कित्येक कुटुंबांची ताटातूट झाली आणि पुष्कळांच्या मनावर कायमचा डाग पडला. आता तो कायदा रद्द झाला आहे. १९८१ पासून जागतिक आरोग्य संघटनेने पुरस्कारिलेल्या अनेक औषधांच्या एकत्रित उपचाराने हा रोग पूर्ण बरा होतो, आणि रोग्याला घरातून बाहेर काढण्याचे काहीच कारण उरलेले नाही. चांगल्या हेतूने दिलेला सल्लाही काळाने तपासावा लागतो. आपल्या प्रभूने कुष्ठरोग्याला हात लावला तो बरा करण्यापूर्वी, हे आपण विसरता कामा नये. कार्टर यांच्या बाजूने एवढे म्हणता येईल की ज्यांच्याकडे पाहणेही लोक टाळीत, त्यांच्याजवळ जाऊन बसायला आणि त्यांचे दुखणे समजून घ्यायला ते कधी कचरले नाहीत.

दुष्काळाची वर्षे

१८७६ ते १८७८ या काळात दख्खनवर भयंकर दुष्काळ पडला. उपाशी माणसांचे लोंढे मुंबईत आले आणि त्यांच्याबरोबर एक ताप आला. हा ताप काही दिवस राहतो, उतरतो आणि आठवड्याने पुन्हा चढतो. कार्टर यांनी १८७७ साली रोग्यांच्या रक्तात मळसूत्रासारखे वळवळणारे जंतू पाहिले आणि युरोपात दिसलेला उलटून येणारा ताप तो हाच, हे सिद्ध केले. हा ताप रक्तावाटे माकडांना देता येतो हेही त्यांनी दाखविले. १८८२ साली या विषयावर त्यांचा मोठा ग्रंथ निघाला. पुढे हिवतापाचे जंतू रक्तात ओळखणाऱ्या भारतातील पहिल्या डॉक्टरांतही त्यांची गणना झाली. उंदरांच्या रक्तातील एक जंतूही त्यांनी वर्णन केला. उंदीर चावल्याने येणाऱ्या तापाशी त्याचा संबंध आहे हे नंतर लोकांना कळले.

ते ग्रँट मेडिकल कॉलेजचे प्राचार्यही झाले. १८८८ साली तीस वर्षांची सेवा संपवून ते निवृत्त झाले आणि स्कारबरोला परतले. दोन वर्षांनी राणीचे मानद शस्त्रवैद्य म्हणून त्यांचा गौरव झाला. त्याच सुमारास त्यांनी पुन्हा विवाह केला. उतारवयात का होईना, मुलाबाळांनी भरलेले घर त्यांना मिळाले. परंतु क्षयाने त्यांना गाठले. ४ मे १८९७ रोजी, सहासष्टावा वाढदिवस अठरा दिवसांवर आला असता, त्यांनी हे जग सोडले. तोपर्यंत ग्रे यांच्या पुस्तकाच्या कितीतरी आवृत्त्या निघाल्या होत्या. त्यांतून कार्टर यांना ठरलेल्या दीडशे पौंडांपलीकडे काही मिळाले नाही.

आपल्यासाठी

या चरित्रातून शब्बाथ शाळेच्या वर्गात काय सांगावे?

पहिली गोष्ट मानाविषयी. प्रेषित पौलाने करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात शरीराचे उदाहरण घेतले आहे. जे अवयव दुबळे आणि कमी मानाचे वाटतात, त्यांच्यावाचून शरीराचे चालत नाही, असा त्याचा आशय आहे. मानेतील नीला तशीच. नाडी पाहताना सगळे रोहिणीवर बोट ठेवतात. नीलेला कोणी विचारीत नाही, पण ती तुंबली तर मेंदू काम करीत नाही. मंडळीतही असे कितीतरी लोक आहेत. कोणी उपासनेआधी सतरंज्या घालतो, कोणी आजाऱ्याच्या घरी डबा पोचवितो, कोणी वर्षानुवर्षे लहान मुलांचा वर्ग चालवितो. अहवालात त्यांची नावे येत नाहीत. आपले नाव लहान अक्षरांत छापले गेले म्हणून कार्टर यांनी हात आखडता घेतला असता, तर साताऱ्याच्या शेतकऱ्याच्या पायाकडे आणि काठेवाडातील कुष्ठरोग्याकडे कोण पाहणार होते?

दुसरी गोष्ट आणखी महत्त्वाची वाटते. तरुण कार्टर यांनी स्वतःला दुसऱ्यांच्या विश्वासाच्या चित्राशी ताडून पाहिले आणि आपण उणे ठरलो असे मानून ते कष्टी झाले. देहांत फरक असतात हे ज्याच्या डोळ्यांनी रोज पाहिले, त्याला आत्म्याच्या बाबतीत तेवढी सवलत स्वतःला देता आली नाही. आपण शिक्षक लोक मुलांवर हेच ओझे लादत नाही ना? एका मुलाला देवाची हाक एका रात्रीत ऐकू येते, तर दुसऱ्याला वीस वर्षे लागतात. कोणाची प्रार्थना मोठ्याने होते, कोणाची मुक्याने. पहिल्याचे चित्र फळ्यावर काढावे, ते वाट दाखवायला उपयोगी आहे. दुसऱ्याला मात्र त्या चित्रावरून चुकीचा ठरवू नये. एकशे एकोणचाळिसाव्या स्तोत्रात आईच्या उदरात आपली घडण करणाऱ्या देवाची स्तुती केलेली आहे. तो देव प्रत्येकाच्या मस्तकातून रक्त उतरविण्याच्या वाटाही निरनिराळ्या घडवितो आणि सर्व वाटा शेवटी एकाच हृदयाशी आणतो.

आणि तिसरी गोष्ट त्या अनामिकांविषयी, ज्यांच्या देहांवरून हे सारे शिकले गेले. आज भोपाळात, मुंबईत, मिरजेला आणि इतरत्र काही माणसे मरणापूर्वीच आपला देह वैद्यकीय शिक्षणासाठी देऊन ठेवतात. पूर्वी गरिबांचा देह न विचारता घेतला जाई. आता माणूस तो राजीखुशीने देतो, हा केवढा फरक!

आमच्या विद्यार्थिनीला हे सर्व सांगितले. ती काही वेळ गप्प बसली. मग म्हणाली की उद्या विच्छेदनगृहात गेल्यावर काम सुरू करण्यापूर्वी आपण क्षणभर थांबून, त्या टेबलावरच्या माणसाचे नाव ठाऊक नसले तरी, त्याच्यासाठी देवाचे आभार मानू. एवढे बोलून तिने पुस्तक उचलले आणि डावीकडची ती बारीक नीला आपल्या वहीत, चित्राप्रमाणे नव्हे तर जशी दिसली तशी, काढायला घेतली.